ठोसा किती जोराचा, यापेक्षा किती खाल्ले ते विचारा

मागच्या महिन्यात संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी एस.टी.त वाहक असलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा दहावीत, अंगाने काटक, नजर तेज. आजारी कोणीच दिसत नव्हते.

"डॉक्टरसाहेब, आजार काही नाही," वडील म्हणाले. "जिल्ह्याच्या बॉक्सिंग स्पर्धेसाठी फिटनेसचं सर्टिफिकेट पाहिजे. आणि जमलं तर ताकदीचं एखादं टॉनिक लिहून द्या. पोराच्या ठोशात अशी ताकद आहे की समोरचा दोन मिनिटं उभा राहत नाही. अजून थोडी वाढली की राज्यपातळी कुठं गेली नाही."

वर्षभरापूर्वी याच मुलाला मी असे प्रमाणपत्र दिले होते. वजन, रक्तदाब, छातीला नळी, की सही आणि शिक्का. दोन मिनिटांचे काम. या वेळीही पेन उघडले होते. तेवढ्यात सहज विचारले, "काय रे, डोकंबिकं दुखतं का कधी?"

मुलाने आधी वडिलांकडे पाहिले. उत्तर मला तिथेच मिळाले.

मग हळूहळू माहिती बाहेर आली. तीन आठवड्यांपूर्वी सरावात त्याच्याहून वजनदार मुलाचा ठोसा कानशिलावर बसला. हा पडला नाही, पण पुढची फेरी कशी संपली ते त्याला आठवत नाही. "घरी सायकलवरनं आलो, पण रस्ता काही आठवत नाही, डॉक्टरकाका." दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव. तेव्हापासून संध्याकाळी डोके दुखते, फळ्यावरची अक्षरे अंधूक दिसतात, धाकट्या बहिणीवर उगीच खेकसतो. वडिलांना हे सगळे नवीन होते.

"पण डॉक्टरसाहेब, तो पडला कुठं? पडला असता तर मी तेव्हाच आणला नसता का?"

आजचा लेख त्यांच्या या प्रश्नासाठी आहे. कारण ही समजूत एकट्या त्यांची नाही. बॉक्सिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक प्रचंड ठोसा आणि आडवा पडलेला माणूस येतो. जो पाडतो तो मोठा खेळाडू, आणि जो पडला नाही त्याला काही झाले नाही, असे आपण धरून चालतो. माझ्या मते या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर धोक्याची आहे.

ताकद येते कुठून?

दंड फुगलेला म्हणजे ठोसा भारी, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ठोसा दंडातून निघत नाही, टाचेतून निघतो. मागचा पाय जमीन रेटतो, तो जोर मांडीतून कमरेत येतो, कंबर फिरते, तिच्यामागून पाठ आणि खांदा फिरतो आणि सर्वांत शेवटी मूठ चाबकाच्या टोकासारखी सुटते. सोव्हिएत संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत निष्णात बॉक्सरच्या ठोशात पायांचा वाटा नवख्या मुलांच्या दुपटीहून जास्त आढळला होता. म्हणजे ताकद ही बरीचशी कसबाचीच बाब आहे. ती बाटलीतून मिळत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला भाकरी, डाळ, दूध, अंडी आणि आठ-नऊ तासांची झोप एवढे मिळाले की पुरे. बाजारातल्या पावडरींचे डबे आणि कोणीतरी सुचवलेली इंजेक्शने यांच्या वाटेला जाऊ नये.

मग हा ठोसा असतो तरी किती जोराचा? याचे मोजमाप झालेले आहे. १९८५ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये काही इंग्रज संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा मोजून छापला. टांगलेल्या, गादी बसवलेल्या वजनावर त्याला ठोसे मारायला लावले. मूठ सुटल्यापासून एक दशांश सेकंदात ठोसा बसत होता. बसताना मुठीचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास होता आणि जोर सुमारे ४०० किलो वजनाइतका. सहा किलोचा लाकडी हातोडा, त्याला वरून गादी गुंडाळलेली, ताशी ३२ किलोमीटर वेगाने डोक्यावर बसावा, तसा हा मार. एवढ्याशा वेळात डोक्याला जो झटका बसेल तो गुरुत्वाकर्षणाच्या ५३ पट, असा त्यांचा हिशेब होता.

आकडे वाचून छाती दडपते. पण खरी गंमत पुढे आहे.

ताकदीने काय जिंकले?

हा ब्रुनो एकूण ४५ लढती खेळला. ४० जिंकला, त्यांपैकी ३८ समोरच्याला मुदतीआधीच संपवून. एवढी ताकद असूनही जगज्जेतेपदाच्या पहिल्या तीन प्रयत्नांत तो हरला. अखेर १९९५ मध्ये लंडनला ऑलिव्हर मॅककॉलविरुद्ध त्याने विजेतेपद मिळवले, ते पूर्ण बारा फेऱ्या खेळून, गुणांवर. आयुष्यभर ज्या ठोशाची ख्याती होती, तो त्या दिवशी निर्णायक ठरला नाही. आणि त्याच्या पाचही पराभवांत त्यालाच मुदतीआधी थांबवले गेले होते. दुसऱ्याला पाडण्याची ताकद आणि स्वतः उभे राहण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका कारकिर्दीवरून कळते.

आता ३० ऑक्टोबर १९७४ ची ती प्रसिद्ध लढत घ्या. झाईर देशातील किन्शासा शहर. एका बाजूला २५ वर्षांचा जॉर्ज फोरमन. ४० लढती, ४० विजय, त्यांतील ३७ नॉकआऊट. जो फ्रेझरसारख्या जगज्जेत्याला त्याने आदल्या वर्षी दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले होते. दुसऱ्या बाजूला ३२ वर्षांचा महंमद अली. अली दोरांना टेकून उभा राहिला, तोंड हातांच्या आड घेतले आणि फोरमनला मारू दिले. सात फेऱ्या फोरमनने आपली ताकद अलीच्या दंडांवर आणि बरगड्यांवर रिकामी केली. आठव्या फेरीत तो दमला आणि अलीच्या नेमक्या ठोशांनी कोसळला.

फेब्रुवारी १९९० मध्ये मी मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहात होतो. आमच्या एका मित्राने भिंतीवर माईक टायसनचे चित्र लावले होते. ३७ लढती, ३७ विजय, ३३ नॉकआऊट. हा माणूस हरू शकतो असे आम्हाला वाटतच नव्हते. टोकियोत बस्टर डग्लसने आठव्या फेरीत त्याच्याच हातून मार खाऊन पुन्हा उभे राहत दहाव्या फेरीत त्याला बाद केले. डग्लसचा लांब डावा हात टायसनला जवळ येऊ देत नव्हता. ताकदीचा ठोसा बसायला आधी अंतर तोडावे लागते, ते टायसनला तोडता आले नाही.

अलीकडचे उदाहरण डिऑन्टे वाइल्डरचे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ४३ लढतींत ४२ विजय, त्यांतील ४१ नॉकआऊट, आणि एक बरोबरी. ती बरोबरी टायसन फ्युरीबरोबरची. डिसेंबर २०१८ च्या त्या लढतीत फ्युरी दोनदा पडला आणि दोन्ही वेळा उठला. २०२० मध्ये त्याच फ्युरीने वाइल्डरला सातव्या फेरीत संपवले.

ताकदीला काहीच अर्थ नाही असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर फोरमनवरच अन्याय होईल. किन्शासानंतर वीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ ला, ४५ वर्षांचा फोरमन मायकेल मूररकडून नऊ फेऱ्या मार खात होता, गुणांत मागे होता. दहाव्या फेरीत एक उजवा ठोसा बसला आणि तो पुन्हा जगज्जेता झाला. वय झाले की पाय जातात, चपळाई जाते, ताकद सर्वांत शेवटी जाते. फोरमन मार्च २०२५ मध्ये वारला, तोवर या ठोशाची आठवण लोक काढत राहिले. ताकद म्हणजे खिशातले राखीव नाणे. असले तर बरेच, पण त्याच्या भरवशावर संसार होत नाही.

शिवाय ही सगळी धंदेवाईक बॉक्सिंगची उदाहरणे झाली. आपली मुले खेळतात ते हौशी बॉक्सिंग. तिथे तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, आणि पंच मोजतात ते स्वच्छ, नेमके बसलेले ठोसे. भारताला आजवर ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगची तीनच पदके मिळाली, तिन्ही कांस्य: २००८ मध्ये विजेंदर सिंग, २०१२ मध्ये मेरी कोम आणि टोकियोत २०२१ मध्ये लवलिना बोर्गोहेन. तिघांनीही ज्या लढतीने पदक पक्के केले, ती गुणांवर जिंकली. कोणाला आडवे पाडून नाही. आपल्या तालमीतले वस्ताद पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले तेच इथेही खरे आहे. नुसत्या जोरावर कुस्ती निघत नाही, डाव यावा लागतो आणि समोरच्याचा डाव ओळखता यावा लागतो.

डोक्याच्या आत काय होते?

आता माझ्या प्रांतातला विषय. खरवस सर्वांच्या ओळखीचा आहे. मऊ खरवसाचा डबा हातात धरून झटकन गर्रकन फिरवला तर डबा फिरतो, आतला खरवस मागे राहतो, आणि मग कडेला घासतो, आतून चिरतो. मेंदूही तसाच मऊ, पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा, आणि कवटीच्या डब्यात बंद. समोरून सरळ बसलेल्या ठोशाने डोके मागे जाते. पण हनुवटीवर बाजूने ठोसा बसला तर डोके मानेवर गर्रकन फिरते. हनुवटी जणू डोके फिरवायचा दांडाच. या फिरण्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. झटका मोठा असेल तर माणूस क्षणात शुद्ध हरपून पडतो. त्याला आपण नॉकआऊट म्हणतो. लहान असेल तर तो पडत नाही, पण तंतू ताणले जातातच.

यात आणखी एक गोष्ट आहे. ठोसा येताना दिसला की मानेचे स्नायू आपोआप ताठ होतात आणि डोके कमी फिरते. न दिसलेला ठोसा सैल मानेवर बसतो. म्हणून साधा वाटणारा पण अचानक आलेला ठोसाही जबरदस्त मार देऊन जातो. मारणाऱ्याची ताकद हा हिशेबाचा एक भाग आहे. खाणाऱ्याची नजर, मान आणि त्या वेळचा थकवा हा दुसरा.

"पण ग्लोव्हज असतात ना? डोक्याला हेडगार्ड असतं ना?" असे वडिलांनी विचारले. ग्लोव्हज मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचवतात. रागाने दारावर किंवा भिंतीवर मूठ आपटून करंगळीखालचे हाड मोडून घेतलेली मुले दर वर्षी माझ्याकडे येतात. त्या मोडीला डॉक्टर 'बॉक्सरचे फ्रॅक्चर' म्हणतात. उघड्या मुठीने कवटीवर मारले तर मूठ आधी मोडेल. ग्लोव्हज घातले की डोक्यावर बिनधास्त मारता येते. हेडगार्डने भुवई फुटणे, खरचटणे कमी होते. कवटीच्या आत मेंदू हलतो तो हेडगार्डला थांबवता येत नाही. पुरुषांच्या मोठ्या हौशी स्पर्धांतून २०१३ पासून ते काढूनच टाकले गेले.

थेंबे थेंबे तळे साचे

न्यू जर्सीतील हॅरिसन मार्टलंड नावाच्या डॉक्टरने १९२८ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध लिहिला. काही वर्षे बॉक्सिंग केल्यानंतर काही खेळाडूंची चाल डगमगते, बोलणे जड होते, हात कापतात, विचार मंदावतो, असे त्यात वर्णन होते. हा त्रास जास्त कोणाला होतो? मार्टलंडचे उत्तर मला आजही महत्त्वाचे वाटते. जे खेळाडू बचाव सोडून एका मोठ्या ठोशाच्या मागे लागतात आणि त्यासाठी डोक्यावर वाटेल तेवढा मार खातात, त्यांना. आणि दुय्यम दर्जाच्या ज्या खेळाडूंना मोठ्यांच्या सरावासाठी समोर उभे केले जाते, त्यांना.

वाचकहो, हे दोन प्रकार लक्षात ठेवा. ताकदीच्या नादी लागलेला, आणि दुसऱ्याच्या सरावासाठी मार खाणारा. आपल्या गावातल्या सरावात हे दोघेही असतात.

पुढे बॉक्सरांच्या मेंदूंचा मरणोत्तर अभ्यास झाला आणि वारंवार बसणाऱ्या लहान लहान माराने मेंदूचा कायमचा ऱ्हास होऊ शकतो हे स्पष्ट झाले. सगळ्यांनाच तो होतो असे नाही. कोणाला होईल हे आधी सांगताही येत नाही. पण जितकी वर्षे जास्त आणि जितका मार जास्त, तितका धोका जास्त, याबद्दल डॉक्टरांत आता फारसा वाद उरलेला नाही.

अलीचेच पाहा. किन्शासात तो जिंकला, म्हणून ती लढत आपण हुशारीची गोष्ट म्हणून सांगतो. पण त्यानंतरही तो सात वर्षे खेळत राहिला. सरावातही जोडीदारांना तो स्वतःला मारू देत असे, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. डिसेंबर १९८१ मध्ये शेवटची लढत झाली आणि १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचा विकार असल्याचे जाहीर झाले. १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरणारा हात सगळ्या जगाने पाहिला. २०१६ मध्ये तो गेला. त्याचा आजार बॉक्सिंगमुळेच झाला का, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही आणि मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्याने उभ्या आयुष्यात जेवढा मार खाल्ला, त्यातला फारच थोडा त्याला पाडणारा होता, एवढे खरे.

एका लढतीपुरतेही हेच दिसते. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला दक्षिण कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध तेरा फेऱ्या लढला. मार खात होता, देत होता, उभा होता. चौदाव्या फेरीत पडला, मेंदूत रक्तस्राव झाला आणि काही दिवसांत तो दगावला. मेंदूवरच्या बारीक शिरा ताणून फाटल्या की असा रक्तस्राव होतो. त्यानंतर एका मोठ्या जागतिक संघटनेने पंधरा फेऱ्यांच्या लढती बारावर आणल्या, पुढे इतरांनीही तेच केले. ठोशाची ताकद कोणी कमी करू शकत नव्हते. कमी करता आली ती ठोशांची संख्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला मुख्य धडा हाच आहे.

मग खेळू द्यायचे की नाही?

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९८२ पासून बॉक्सिंगवर बंदीची मागणी केली आहे. अमेरिका आणि कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही २०११ मध्ये मुलांनी बॉक्सिंग खेळू नये असे मत दिले. मी एवढ्या टोकाला जात नाही. लहान गावातल्या मुलाला या खेळातून शिस्त मिळते, अंग बनते, व्यसने दूर राहतात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस आणि लष्कराची स्वप्ने आहेत. त्या वाहकाच्या डोळ्यांपुढे हेच होते, आणि बापाने असे स्वप्न पाहू नये असे सांगणारा मी कोण?

शिवाय बॉक्सिंगचे नव्वद टक्के काम डोक्यावर एकही ठोसा न खाता करता येते. दोरीवरच्या उड्या, पळणे, बॅगवर मारणे, आरशासमोर एकट्याने हात चालवणे, पायांची चाल, ठोसा चुकवण्याचा सराव. या सगळ्यातून मेंदूला काहीच इजा नाही. धोका आहे तो समोरासमोरच्या मारामारीत, आणि तो स्पर्धेपेक्षा रोजच्या सरावात जास्त. स्पर्धेत पंच असतो, डॉक्टर असतो. मंगळवारच्या संध्याकाळी पत्र्याच्या शेडखाली कोणीच नसते.

म्हणून पालकांनी प्रशिक्षकांना "याच्या ठोशात ताकद किती आली?" असे विचारण्याऐवजी "आठवड्यात याला डोक्यावर किती ठोसे बसतात?" असे विचारावे. चांगला प्रशिक्षक या प्रश्नाने रागावणार नाही, उलट त्याला बरे वाटेल. जो रागावेल, त्याच्याकडे मुलगा पाठवावा की नाही याचा विचार करावा. सोळा वर्षांखालच्या मुलांना सरावात डोक्यावर ठोसे नकोतच, खांद्याखाली आणि हलक्या हाताने खेळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वजनाने किंवा वयाने मोठ्या मुलासमोर लहानाला "टणक व्हावा" म्हणून उभे करण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हावी. मार खाऊन हात-पाय टणक होत असतील, मेंदू होत नाही.

घरी काय पाहावे?

डोक्याला मार बसल्यावर पुढीलपैकी काहीही दिसले तर त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये, मग तो पडलेला असो वा नसो: मारामागचे-पुढचे न आठवणे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा दोन-दोन दिसणे, बोलताना अडखळणे, उजेड-आवाज सहन न होणे, पुढच्या दिवसांत चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, झोप बिघडणे.

डोकेदुखी वाढतच जात असेल, वारंवार उलटी होत असेल, मुलगा जागे करूनही नीट जागा होत नसेल, असंबद्ध बोलत असेल, एक बाहुली मोठी दिसत असेल, हातापायात कमजोरी आली असेल, फिट आली असेल किंवा नाका-कानातून पाणी-रक्त येत असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. मेंदूवरचा रक्तस्राव काही वेळा सावकाश वाढतो. सुरुवातीला मुलगा ठीक बोलतो आणि काही तासांनी बिघडतो. म्हणून पहिले चोवीस तास त्याला एकटे ठेवू नये. दुखत असेल तर साधी पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

धोक्याची लक्षणे नसतील तर एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल आणि टीव्ही कमी. मग हिंडणे-फिरणे, शाळा, त्यानंतर हलका व्यायाम, दोरी, बॅग, असे एक एक पाऊल. दर पायरीला निदान एक दिवस द्यावा. त्रास पुन्हा वाढला तर एक पायरी मागे यावे. समोरासमोरचा खेळ सर्वांत शेवटी, आणि तोही डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिल्यावरच. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर कोवळ्या वयात मेंदूला एकाएकी सूज येऊन जीव जाऊ शकतो. हे क्वचित होते, पण झाले तर हाताशी वेळ उरत नाही.

आमचीही चूक

या सगळ्यात मी स्वतःला वगळत नाही. वर्षभरापूर्वी मी सही केली तेव्हा या मुलाला डोक्याविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. छातीला नळी लावली, ज्या अवयवावर तो खेळात मार खाणार त्याची चौकशीही केली नाही. माझ्या समव्यवसायी बंधूंना माझी विनंती आहे. प्रमाणपत्राच्या कागदाआधी तीन प्रश्न विचारावेत: गेल्या सहा महिन्यांत डोक्याला मार बसला का, त्यानंतर काही आठवेनासे झाले का, आणि आता डोके दुखते का. आणि जमल्यास पालकांना क्षणभर बाहेर बसवून विचारावेत. वडिलांसमोर मुलगा "काही नाही" असेच म्हणतो.

त्या दिवशी मी सही केली नाही. मुलाला तपासले, शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. सुदैवाने स्कॅनमध्ये रक्तस्राव निघाला नाही. पण स्कॅन स्वच्छ आला म्हणजे मेंदूला मार बसलाच नाही असा अर्थ नसतो, हे वडिलांना पटवायला मला स्कॅनच्या बिलापेक्षा जास्त कष्ट पडले. जिल्हा स्पर्धा हुकली. मुलाची डोकेदुखी हळूहळू थांबली, फळ्यावरची अक्षरे जागेवर आली. आता तो रोज सकाळी दोरी आणि बॅग करतो, समोरासमोर अजून नाही. प्रशिक्षक स्वतः येऊन भेटून गेले आणि सरावातल्या वजनांच्या जोड्या बदलीन म्हणाले. ते पाळतात का, हे मी विचारत राहणार आहे.

वडील मात्र माझ्यावर अजून नाराज आहेत. परवा त्यांच्याच गाडीने तालुक्याला गेलो, तर तिकीट दिले, सुटे दिले, एक शब्द बोलले नाहीत. उतरताना मीच म्हटले, "पोरगं कसं आहे?"

"अभ्यास करतंय," एवढेच म्हणाले आणि घंटी ओढली.

माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते.